मुक्या संख्येचे रसग्रहण

दिवाळी अंकात परीक्षण यायचे ते कवितासंग्रहाचे, कादंबरीचे, फार तर एखाद्या गाजलेल्या नाटकाचे. मी आज ज्या मजकुराविषयी लिहिणार आहे तो ह्यांपैकी काहीच नाही. तो अवघ्या बारा अंकांचा आहे. चार-चार-चार अशा तीन तुकड्यांत तो छापतात, आणि त्याच्या कोणत्याही दोन प्रती सारख्या नसतात. १३० कोटींहून अधिक माणसांना तो मिळालेला आहे. एवढा खप कोणा मराठी लेखकाच्या स्वप्नातही आला नसेल. आणि तरीही तो कोणी वाचत नाही. लोक त्याच्या झेरॉक्स काढतात, त्याला प्लॅस्टिकचे वेष्टन घालतात, अडल्या वेळी तो खिडकीतून आत सरकवतात. वाचत मात्र नाहीत. आधार क्रमांक हे त्याचे नाव. तो वाचला तर काय सांगतो, हे पाहण्याचा माझा विचार आहे.

हा विचार डोक्यात आला तो हमरापूरला. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीला आपट्यानंतर जिते लागते, मग हमरापूर, आणि मग पेण. स्टेशन लहानसे आहे. पण गणपतीच्या मूर्तींच्या धंद्यात ह्या गावाचे आणि शेजारच्या जोहे, कळवे, तांबडशेत ह्या गावांचे नाव मोठे. पावसाच्या तोंडावर इथल्या एखाद्या कारखान्यात शिरलात, तर एकाच साच्यातून निघालेले शे-दोनशे गणपती अजून डोळे न उघडलेल्या अवस्थेत ओळीने बसलेले दिसतात. सगळ्यांचा चेहरा एक, सोंडेचे वळण एक, मोदक धरलेला हात एक. त्यांतला कोणता कोणाच्या घरी जायचा, हे ओळखायचे कसे?

ओळखण्याच्या दोन तऱ्हा तिथे पाहायला मिळतात. घरगुती गिऱ्हाईक आपला पाट कारखान्यात आणून देते. त्या पाटाच्या पाठीवर खडूने नाव लिहिलेले असते: आडनाव, गाव, आळी, आणि त्याच आळीत त्याच आडनावाची चार घरे असली तर घरच्या थोरल्या माणसाचे नावही. पाट उलटा केला की सगळी हकीकत कळते. दुसरी तऱ्हा चिठ्ठीची. मूर्तीच्या पाठीला किंवा बैठकीला एक चिठ्ठी डकवलेली असते आणि तिच्यावर नुसता आकडा. हा आकडा कोणाचा, हे त्या आकड्याकडे कितीही वेळ पाहिले तरी कळणार नाही. त्यासाठी मालकाची वही उघडली पाहिजे.

सरकार माणसांना जे क्रमांक देते, तेही ह्या दोन जातींचे असतात. काही पाटासारखे बोलके, काही चिठ्ठीसारखे मुके. कोणती जात बरी, ह्याचा निवाडा वरवर दिसतो तितका सोपा नाही.

आपल्याला सवय आहे ती बोलक्याची. आपले मराठी नाव हीच मुळी एक रचनाबद्ध खूण आहे. आधी स्वतःचे नाव, मग बापाचे किंवा नवऱ्याचे, मग आडनाव. आणि आडनावाच्या शेवटी ‘कर’ असला तर कोणे एके काळी घराणे कोणत्या गावाहून निघाले तेही. नाव सांगताक्षणी ऐकणारा मनातल्या मनात त्याची फोड करतो, आणि जे कळत नाही ते विचारून घेतो: ‘म्हणजे मूळ गाव कुठलं?’ हा प्रश्न साधा असतोच असे नाही. त्र्यंबकेश्वरचे किंवा नाशिकचे तीर्थोपाध्याय आपापल्या वह्या ह्याच पद्धतीने उघडतात. गाव सांगा, आडनाव सांगा, आणि पाच पिढ्यांमागचा पणजोबा ज्या वर्षी गोदावरीवर आला त्या पानावर बोट ठेवले जाते. एकाही यंत्रावाचून चालणारी ही व्यवस्था पाहून मला नेहमी आदर वाटत आला आहे. तिच्यात शिरायला आधी जात सांगावी लागते, हे लक्षात आले की तो आदर थोडा आवरावा लागतो.

जमिनीचा क्रमांकही असाच बोलका. सातबाऱ्यावर सर्व्हे नंबरापुढे हिस्सा नंबर येतो. त्यापुढे कधी आणखी एक तिरपी रेघ आणि एक अक्षर. ज्याला वाचता येते तो त्या रेघांवरून सांगू शकतो की इथे भाऊ वेगळे झाले, आणि त्यांच्या मुलांतही पुन्हा वाटणी झाली. कादंबरीकाराला तीनशे पाने लागतात ते तलाठ्याने दोन रेघांत उरकलेले असते. मोटारीच्या पाटीवर एमएच-०६ दिसले की ती गाडी रायगड जिल्ह्यातली, म्हणजे पेणच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली, हे महामार्गावरच्या पोरांनाही पाठ असते.

ह्या बोलक्या जातीतले सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे टपालाचा पिन. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि त्याची रचना केली श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांनी. वेलणकर टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते, तसेच संस्कृतचे नामांकित कवी होते. त्यांच्या रचनांत एक विलोमकाव्य आहे, जे सरळ वाचले तर रामाची स्तुती होते आणि उलट वाचले तर कृष्णाची. ह्याच माणसाच्या हातून पिन निघाला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. आपण पत्ता कसा लिहितो? माणूस, घर, गाव, तालुका, जिल्हा: लहानाकडून मोठ्याकडे. पिन नेमका उलट्या दिशेने चालतो. पेणचा पिन घ्या, ४०२१०७. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा सारा टापू. ४०२ पर्यंत आलो की रायगड. शेवटचे तीन अंक टपालघराचे. वर पत्ता आणि त्याच्या टोकाला पिन, म्हणजे एकाच ठिकाणाचे अनुलोम आणि विलोम वाचन झाले. कवीने हे जाणून केले असे माझे म्हणणे नाही. वाचणाऱ्याला एवढी मोकळीक असावी.

पण बोलका क्रमांक जे बोलतो ते सगळे आपल्याला अपेक्षित असते असे नाही. रायगडचा ४०२, गोव्याचा ४०३. मधली रत्नागिरी कुठे गेली? ती ४१५ मध्ये साताऱ्याबरोबर बसली आहे, आणि सिंधुदुर्ग ४१६ मध्ये कोल्हापूरबरोबर. कोकण ही एक सलग पट्टी आहे ही आपली समजूत. टपालाच्या हिशेबात मात्र ती तीन ठिकाणी वाटली गेली आहे. क्रमांक वस्तूची ओळख सांगतो असे आपण म्हणतो. खरे तर क्रमांक देणाऱ्याला ती वस्तू कोणत्या कप्प्यात ठेवणे सोयीचे होते, हे तो सांगतो. पिनच्या बाबतीत ह्याने कोणाचे काही बिघडत नाही. माणसांच्या बाबतीत बिघडते.

माणसांच्या क्रमांकांतला आपल्या घराघरांत असलेला बोलका क्रमांक म्हणजे आयकर खात्याचा पॅन. दहा जागा: पाच अक्षरे, चार अंक, शेवटी एक अक्षर. अक्षरे अर्थातच इंग्रजी. चौथे अक्षर कोणाचे खाते ते सांगते: व्यक्ती असेल तर पी, कंपनी असेल तर सी, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एच. पाचवे अक्षर व्यक्तीच्या आडनावाचे आद्याक्षर. म्हात्रे असाल तर एम, पाटील असाल तर पी, ठाकूर असाल तर टी.

आता घरातल्या सासू-सुनांची पॅनकार्डे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा. लग्नाआधी नोकरी धरून जिने पॅन काढले होते, तिच्या कार्डावर पुढे नाव बदलून आलेले असेल. नवऱ्याचे नाव मधे, सासरचे आडनाव शेवटी. पण क्रमांक बदलत नाही. एकदा दिलेला पॅन जन्मभर तोच राहतो. त्यामुळे त्याच्या पाचव्या जागी तिच्या माहेरच्या आडनावाचे अक्षर तसेच बसलेले असते. पत्रिकेवरून गेले, शिधापत्रिकेवरून गेले, दारावरच्या पाटीवर कधी आलेच नाही. आयकर खात्याने मात्र ते, कोणताही हळवा हेतू नसताना, सांभाळून ठेवले आहे. भाऊबीजेला ओवाळायला येणारी बहीण आपल्या पर्समध्ये भावाचेच आद्याक्षर घेऊन फिरत असते, हे तिलाही बहुधा ठाऊक नसते. कार्डावरचे नाव आणि कार्डावरचा क्रमांक ह्यांत असा विसंवाद दिसला की समीक्षकाला मजा वाटते. पण घटस्फोट, पुनर्विवाह, आडनाव मुद्दाम टाकून देणे ह्यांतून गेलेल्या माणसाला तेच अक्षर टोचतही असेल. बोलक्या क्रमांकाला कोणी गप्प बस म्हणू शकत नाही.

ह्या टोचण्याची मजल कोठवर जाते हे पाहायचे तर थोडे परदेशी जावे लागेल.

स्वीडनने १९४७ साली प्रत्येक रहिवाशाला क्रमांक दिला. त्यात आधी जन्मतारीख, मग तीन अंकांचा जन्मक्रमांक. त्याचा शेवटचा अंक विषम असला तर पुरुष, सम असला तर स्त्री. १९९० पर्यंत जन्म कोणत्या प्रांतात झाला हेही त्यात कळे. तारखेनंतर एक आडवी रेघ असते, आणि माणसाने शंभरी गाठली की त्या रेघेची अधिकाची खूण होते. शतायुषी झाल्याचा एवढा मितभाषी सत्कार दुसरा कोणता नसेल. स्वीडनमध्ये हे सारे सुखाने चालले, कारण तिथे कोणाला ह्या माहितीची भीती नव्हती.

फ्रान्सचा क्रमांक १ किंवा २ ने सुरू होतो. १ पुरुष, २ स्त्री. पुढे जन्माचे वर्ष, महिना, जिल्हा, गाव. फ्रान्सबाहेर जन्मलेल्यांना जिल्ह्याच्या जागी ९९. ही रचना दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या वर्चस्वाखालच्या काळात रने कार्मिय ह्या अधिकाऱ्याने केली. त्या काळी अल्जीरियात पहिला अंक १ आणि २ वर थांबत नव्हता. तिथल्या मुसलमानांना आणि ज्यूंना वेगळे अंक होते. पहिलाच अंक वाचून पुढचा माणूस कोण ते कळावे, अशी सोय. खुद्द कार्मिय जर्मनांविरुद्ध गुप्तपणे काम करीत होता. १९४४ मध्ये तो पकडला गेला आणि १९४५ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत मेला. त्याने ज्यांच्यासाठी ही संख्या घडवली आणि ज्यांनी त्याला मारले ते दोघे किती जवळचे होते, हा विषय एखाद्या नाटककाराने घ्यावा असा आहे. दक्षिण आफ्रिकेत तर वर्णभेदाच्या राजवटीत ओळखक्रमांकाच्या शेपटीकडच्या अंकांत माणसाचा वंश लिहिलेला असे. ऐंशीच्या दशकात तो काढून टाकण्यात आला.

दक्षिण कोरियाची गोष्ट इतकी काळी नाही, पण आपल्याला जवळची आहे. तिथल्या तेरा अंकी क्रमांकात १९७५ पासून जन्मतारीख, लिंग आणि नोंदणीचा प्रदेश असे सगळे असे. उत्तर कोरियातून पळून आलेल्या निर्वासितांची नोंद ज्या गावाच्या केंद्रात होई, त्या एकाच गावाचा संकेतांक त्या सगळ्यांना मिळाला. परिणामी ज्याने तो अंक वाचला त्याला कळे की हा पलीकडून आलेला. चीनने अशांना प्रवेशपत्रे नाकारली. त्याच संकेतांकाच्या भागात जन्मलेले कोरियन लोकही त्यात भरडले गेले. ऑक्टोबर २०२० पासून नव्या क्रमांकांतले प्रदेशाचे अंक काढून टाकले आहेत.

आणि आता घरचा अमेरिकेतला धागा. साठ-सत्तरच्या दशकांत इथून गेलेल्या मराठी इंजिनिअर-डॉक्टरांना तिथे उतरल्यावर सोशल सिक्युरिटीचा नऊ अंकी क्रमांक मिळाला. त्याचे पहिले तीन अंक अर्ज जिथून केला त्या राज्याचे असत. न्यू जर्सीचे १३५ ते १५८. पुढे तो माणूस टेक्सासला गेला, कॅलिफोर्नियात त्याने घर बांधले, गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्ष झाला, तरी क्रमांक अजून सांगतो की पहिला हिवाळा न्यू जर्सीत काढला. २५ जून २०११ पासून अमेरिकेने ही पद्धत सोडली; नंतर दिलेला क्रमांक कोठल्याच राज्याचे नाव घेत नाही. म्हणजे आजोबांचा क्रमांक आठवण सांगतो, नातवाचा नाही. आजोबांना ह्याची हळहळ वाटेल. पण जन्मगाव आणि जन्मतारीख ठाऊक असली की जुना क्रमांक बराचसा ओळखता येतो, हे २००९ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले होते. आठवण सांगणारा क्रमांक चोरालाही तीच आठवण सांगतो.

ही सगळी उदाहरणे समोर असताना आपल्याकडे आधारची आखणी झाली. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली ह्या आदिवासी गावात पहिले क्रमांक वाटले गेले. म्हणजे ह्या बारा अंकी मजकुराचे प्रकाशन महाराष्ट्रातच झाले, आणि तेही मुंबई-पुण्यात नव्हे. त्या पहिल्या क्रमांकांकडे पाहून ते नंदुरबारचे आहेत, आदिवासींचे आहेत, बाईचे आहेत की पुरुषाचे, ह्यातले काहीही कळत नाही. २०१६ च्या कायद्याच्या चौथ्या कलमात हे शब्दांत बांधलेले आहे: क्रमांक यदृच्छेने निवडलेला असेल आणि धारकाच्या गुणविशेषांशी किंवा ओळखीशी त्याचा काहीही संबंध नसेल. एकाचा क्रमांक दुसऱ्याला कधीही दिला जाणार नाही.

सरकारी कायद्यात इतके चांगले वाक्य क्वचित सापडते. ज्या देशात नाव विचारल्यावर आडनाव विचारतात, आणि आडनाव सांगितल्यावरही पुरते समाधान होत नाही, त्या देशाने आपल्या माणसांना एक असे नाव दिले की ज्याची फोडच होत नाही. माझ्या मते आधारच्या रचनाकारांची सर्वांत मोठी करामत म्हणजे त्यांनी काय लिहिले ही नव्हे. काय लिहिण्याचा मोह आवरला, ही. राज्य, जिल्हा, जन्मवर्ष, लिंग हे सारे क्रमांकात कोंबण्याची इच्छा कोणत्याही कारकुनाला झाली असती.

आणि कोंबले असते तर काय झाले असते, ह्याचे उत्तर आपल्याच शाळांत आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी प्रौढ माणसांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे. जूनमध्ये शाळा उघडायची, मुलाला बाप हाताला धरून आणायचा, तारीख कोणालाच ठाऊक नसायची. मग वय बसेल असे वर्ष धरून गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. स्वीडनसारखा क्रमांक आपण केला असता तर गावेच्या गावे त्या एका तारखेखाली नोंदली गेली असती, आणि जन्मभराच्या संख्येत हेडमास्तरांची सोय अमर झाली असती. आधारने ही तारीख क्रमांकाबाहेर, कार्डावर ठेवली. आणि पुरावा नसेल तिथे पुष्कळ जुन्या कार्डांवर नुसते जन्मवर्ष छापले. कार्डावरची चूक दुरुस्त होते. क्रमांकात गेलेली चूक हाडात जाते.

मात्र हा मुका क्रमांक अगदीच निराकार नाही. त्याची सुरुवात ० किंवा १ ने होत नाही. पहिले अकरा अंक म्हणजे खरा क्रमांक. त्यात आठ हजार कोटी शक्यता सामावतात, म्हणजे आपली लोकसंख्या सुमारे १४० कोटी धरली तरी जागेचा तुटवडा नाही. बारावा अंक हा पहिल्या अकरांवर नेमलेला पहारेकरी. तो व्हेरहुफच्या रीतीने काढतात. याकोबुस व्हेरहुफ हा डच गणिती. १९६९ साली त्याने दाखवून दिले की केवळ एका दशमान अंकाच्या जोरावर, एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, तर ती चूक हटकून पकडता येते. हे साधेल असे पूर्वी कोणाला वाटत नव्हते. साध्या बेरजेत पाच अधिक दोन आणि दोन अधिक पाच एकच, क्रम हरवतो. व्हेरहुफने बेरजेच्या जागी पंचकोन फिरवण्याची आणि उलटण्याची क्रिया घेतली. पंचकोनी पुठ्ठा आधी फिरवून मग उलटला काय आणि आधी उलटून मग फिरवला काय, फळ एकच येत नाही. त्यामुळे अंकांचा क्रम बदलल्याबरोबर पहारेकऱ्याला कळते.

हे डच माणसाला सुचावे ह्यातही गंमत आहे. डच भाषेत ५२ म्हणताना दोन आधी येतात, पन्नास नंतर, आपल्या बावन्नसारखेच. लिहायचे एका क्रमाने आणि बोलायचे दुसऱ्या, म्हणून पोरे ५२ चे २५ करतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढी रणे माजली! मंगला नारळीकर ह्यांनी परोपरीने समजावून सांगितले की जुनी नावे गेलेली नाहीत, जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने अडखळणाऱ्या मुलांना ही एक पायरी आहे. विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत त्यावर विनोद झाले. त्या विनोदवीरांच्या खिशातल्या कार्डावरचा शेवटचा अंक मात्र जी चूक पकडायला बसला आहे, तिच्यातच बावन्न-पंचवीसचा घोळ येतो.

तेव्हा रचनेबद्दल माझे मत अनुकूल आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. प्रतिकूल मत आहे ते ह्या मजकुराच्या वापराबद्दल.

हमरापूरच्या चिठ्ठीवरचा आकडा मुका असतो, आणि तो एकाच वहीत असतो. गणपती घरी गेला, दीड किंवा पाच दिवसांनी विसर्जन झाले, की आकडा संपला. पुढच्या वर्षी नवी चिठ्ठी. आधार क्रमांक मुका असला तरी तो जन्मभर एकच, आणि तोच क्रमांक रेशनच्या वहीत, शिष्यवृत्तीच्या वहीत, इस्पितळाच्या, आयकराच्या वहीत. एकेका वहीत तो गप्प असेल. पण सगळ्या वह्या जवळ आणल्या की ह्या एका दोऱ्यात माणसाचे सारे आयुष्य ओवले जाते. पॅन आणि आधार जोडण्याची सक्ती झाली तेव्हा मला ह्या विसंगतीचे हसू आले होते. ज्या संख्येने कटाक्षाने आडनाव टाळले, तिला आडनावाचे अक्षर बाळगणाऱ्या क्रमांकाशी नेऊन बांधले. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ही पॅनची जोडणी आणि सरकारी मदतीसाठीचा वापर मान्य केला, बँक खाते आणि मोबाइल ह्यांसाठीची सक्ती रद्द केली. खासगी कंपन्यांना मोकळे रान देणारे कलमही गेले. पाचांपैकी एका न्यायमूर्तींनी, धनंजय चंद्रचूड ह्यांनी, सबंध कायद्यालाच असहमती नोंदवली. पाळतीच्या भीतीवर उपाय म्हणून त्याच वर्षी सोळा अंकी आभासी क्रमांक निघाला, जो हवा तेव्हा बदलता येतो. म्हणजे मुक्या क्रमांकाला आणखी एक मुखवटा. तो किती जणांनी वापरला हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पाहावे.

कार्डावरच्या शब्दांतही हा प्रवास उमटलेला आहे. सुरुवातीच्या मराठी कार्डांवर खाली ओळ असे: ‘आधार – सामान्य माणसाचा अधिकार’. पुढे तिच्या जागी आली: ‘माझे आधार, माझी ओळख’. जुन्या-नव्या पाठांतला हा भेद एखाद्या पोथीत आढळला असता तर पंडितांनी त्यावर शोधनिबंध लिहिला असता. पहिल्या ओळीत माणूस सरकारकडे काही मागतो. दुसऱ्या ओळीत तो सरकारला आपण कोण ते सांगतो.

सांगायचे ते क्रमांकाने नव्हे, बोटाने. संख्या मुकी ठेवली तेव्हाच हे ठरले होते की बोलण्याचे काम शरीर करील. १८५८ मध्ये बंगालात विल्यम हर्शेल ह्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, तेव्हापासून हिंदुस्थानी माणसाच्या शब्दापेक्षा त्याच्या हातावर सरकारचा भरवसा अधिक. साक्षरतेच्या प्रसारात ‘अंगठेबहाद्दर’ हा आपण शिवीसारखा शब्द केला, मुला-म्हाताऱ्यांना सही शिकवली; आणि आता पदवीधरही रांगेत उभा राहून अंगठा देतो.

तो अंगठा हमरापुरात मी नीट पाहिला. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर सांध्याची कड राहते, ती घासून काढावी लागते. कारागीर आणि त्यांच्या घरच्या बायका महिनोन्‌महिने हे घासकाम करतात. बोटांखाली घासकागद, बोटांवर प्लॅस्टरची पूड, वरून पाणी. अशा बोटांवरच्या रेषा झिजतात. शेतमजुराच्या, गवंड्याच्या, मिठागरात राबणाऱ्याच्याही झिजतात. मग रेशनच्या दुकानात ते यंत्र म्हणते, ओळख पटत नाही. ‘अंगठा लागत नाही,’ असे म्हणून माणूस बोट पदराला पुसतो, पुन्हा ठेवतो, दुसरे बोट ठेवतो. मार्च २०१८ मध्ये खुद्द प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की सरकारी सेवांत ओळख पटण्याचे प्रमाण ८८ टक्के आहे. परीक्षेत ८८ टक्के म्हणजे पेढे वाटतील. रेशनच्या रांगेत त्याचा अर्थ शंभरातली बारा खेपा रिकामी पिशवी असा होऊ शकतो. डोळ्यांची, चेहऱ्याची, मोबाइलवर येणाऱ्या आकड्यांची पर्यायी सोय आहे, आणि कशानेच जमले नाही तरी धान्य नाकारू नये अशा सूचनाही निघालेल्या आहेत. सूचना आणि दुकानाची खिडकी ह्यांतले अंतर ज्याला चालावे लागते त्यालाच ते किती आहे हे कळते.

म्हणून ह्या मजकुराच्या कर्त्यांना मी पूर्ण गुण देऊ शकत नाही. आडनाव, जात, गाव, माहेर ह्यांपैकी काहीही न विचारणारा क्रमांक त्यांनी दिला, ही गोष्ट टेंभलीच्या किंवा हमरापूरच्या माणसाच्या दृष्टीने लहान नाही. पण संख्येला जे विचारायचे नाही असे त्यांनी ठरवले, ते बोटाला विचारले. आणि बोट कामाने झिजते, हे त्यांच्या हिशेबात उशिरा आले. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती व्हावी ती ह्या ठिकाणी. क्रमांक आहे तसाच राहू द्यावा.

कारखान्यातून निघालो तेव्हा एक बाई आखणीला बसल्या होत्या. घासून गुळगुळीत झालेल्या बोटांत बारीक कुंचला धरून त्या एकेका मूर्तीचा डोळा रेखीत होत्या. हात जराही हलत नव्हता. मूर्तीच्या बैठकीवरची चिठ्ठी रंगाने भिजू नये म्हणून त्यांनी ती आधी काढून बाजूला, पाटावर ठेवली होती. डोळे झाल्यावर कोणती चिठ्ठी कोणत्या मूर्तीची, हे त्यांना वहीत पाहावे लागले नाही.